यावान, यवन आणि आपण



हिब्रूमध्ये ग्रीस देशाला 'यावान' म्हणतात. हनुक्काच्या प्रार्थनेत हा शब्द आपण दर वर्षी ऐकतो. मराठीत 'यवन' हा शब्द आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होता. हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक मुलूख होता. पूर्वेकडच्या लोकांची ग्रीकांशी ओळख झाली ती याच आयोनियन लोकांमुळे, म्हणून सगळ्या ग्रीकांना तेच नाव पडले. पुढे मराठीत 'यवन' म्हणजे पश्चिमेकडून आलेला कोणीही परका असा अर्थ झाला, आणि नंतर मुसलमान. आपण बेने इस्राएल असे लोक, की ज्यांच्या प्रार्थनेत यावान आहे आणि घरच्या भाषेत यवन. म्हणून या खेपेस यावानाविषयी लिहावे असे आम्ही ठरवले.

त्यामागे आणखी एक कारण आहे. इस्राएलमध्ये आलेल्या आपल्या प्रत्येक पिढीला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागला आहे. मलिद्याचे ताट, मेंदी, हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र, गावावरून पडलेली 'कर' आडनावे, हे सगळे पाहून शेजारी विचारतो, "तुमच्यात हिंदूंचे किती आणि ज्यूंचे किती?" कोणी हसत विचारतो, कोणी नाक मुरडून. आता तर परदेशात वाढलेली आपलीच मुले विचारू लागली आहेत. मुलांना नुसते "आपली पद्धत आहे" म्हणून भागत नाही. त्यांना द्यायचे उत्तर शोधायला आपल्याला दोन हजार वर्षांहून मागे, थेट यरुशलेमच्या बाजारात जावे लागते.

यासोन नावाचा कोहेन गादोल

इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने आपल्या पूर्वजांचा मुलूख घेतला. त्याच्या मरणानंतर सेनापतींनी राज्य वाटून घेतले. सुमारे शंभर वर्षे यरुशलेमवर मिसरच्या टॉलेमी घराण्याचा अंमल होता आणि इ.स.पू. २०० च्या सुमारास तो सीरियाच्या सेल्युकिड राजांकडे गेला. या काळात ग्रीक भाषा देशात आली ती बाजार, जकात आणि पलटण यांच्या वाटेने. कचेरीत ज्याचे काम, त्याला ग्रीक शिकणे भाग होते. आपले पणजोबा कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले आणि इंग्रजी शिकले, त्यातलाच हा प्रकार. त्यांनी इंग्रजी शिकली म्हणून शाबाथ सोडला नाही.

इ.स.पू. १७५ मध्ये अंतिओखुस चौथा गादीवर आला. कोहेन गादोल ओनिया याचा सख्खा भाऊ येशुआ राजाकडे गेला आणि जास्त पैसे देण्याचे कबूल करून ते पद त्याने स्वतःकडे घेतले. या येशुआने आपले नाव बदलून 'यासोन' असे ग्रीक नाव घेतले. यरुशलेममध्ये त्याने जिम्नॅशियम काढले. जिम्नॅशियम म्हणजे नुसती तालीम नव्हे. ग्रीक तरुणांना शहराचा नागरिक म्हणून घडवण्याची ती जागा होती. जुने ग्रंथ सांगतात की कोहेन लोक वेदीवरचे काम टाकून कसरतीचे खेळ पाहायला पळत. तीन वर्षांत मेनेलाउस नावाच्या दुसऱ्याने आणखी जास्त बोली लावली आणि यासोनलाही घालवले.

शाळेत आपण हनुक्काची गोष्ट 'दुष्ट ग्रीक आणि चांगले ज्यू' अशी ऐकतो. भांडण घरातही होते, हे त्या गोष्टीत येत नाही. नाव बदलणारे आपले, बोली लावणारे आपले, त्यांच्यावर चिडलेलेही आपलेच. मग इ.स.पू. १६७ मध्ये राजाने हुकूम काढला: सुंता बंद, शाबाथ बंद, तोराची पुस्तके जाळा, न ऐकणाऱ्याला मरण. तेव्हा मोदीइन गावचा मत्तिथ्याहू कोहेन आणि त्याची पाच मुले उठली. इ.स.पू. १६४ च्या किस्लेव महिन्यात बेत हामिकदाश शुद्ध झाले.

इथे आपल्या घराण्याचा संबंध येतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. ते गलबत कोणत्या काळी आणि का निघाले? हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, जो पुढे १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यांचे म्हणणे असे, की आपले पूर्वज याच अंतिओखुसच्या छळाच्या दिवसांत देश सोडून निघाले. आपल्या जुन्या लोकांना इतर सण ठाऊक होते, पण हनुक्का ठाऊक नव्हता, याकडे त्यांनी बोट दाखवले. जो सण पूर्वज निघाल्यानंतर सुरू झाला, तो त्यांना कसा माहीत असणार? इतिहासकार या तर्कावर वाद घालतात. परंपरा मात्र आपल्याला यावानाच्या गोष्टीत अगदी दाराशी उभी करते: यासोन आणि मत्तिथ्याहू घरात भांडत आहेत आणि आपण बंदराकडे निघालो आहोत.

मक्कबींच्या नातवंडांची नावे

निघालेल्यांना एक पाहायला मिळाले नाही. ज्यांनी यावानाशी लढाई केली त्यांच्याच नातवंडांची नावे काय होती? योहानान हिर्कानुस, यहूदा अरिस्टोबुलुस, अलेक्झांडर यन्नाय. यन्नायचे हिब्रू नाव यहोनातान. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस हिब्रू अक्षरांत 'राजा यहोनातान' असे आहे आणि दुसऱ्या बाजूस ग्रीक अक्षरांत 'राजा अलेक्झांडर' असे. त्याच नाण्यांवर नांगराचे चित्र आहे, आणि नांगर ही सेल्युकिड राजांची खूण होती. म्हणजे शत्रूला हाकलल्यावर त्याचा शिक्का मात्र ठेवून घेतला.

हनुक्काचेही तसेच. तोरात नसलेला सण दर वर्षी पाळायचा, हे यहूदा, त्याचे भाऊ आणि सर्व सभा यांनी मिळून ठरवले असे मक्कबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. विजयाचा दिवस सभेने ठराव करून सण म्हणून लावून देणे ही त्या काळची ग्रीक शहरांची रीत होती. पुढे शिमोनच्या गौरवाचा ठराव पितळी पत्र्यांवर कोरून बेत हामिकदाशात लावला, तीही ग्रीकांचीच रीत. मक्कबींचा दुसरा ग्रंथ तर मूळ ग्रीकमध्येच लिहिलेला. तो कुरेने शहरच्या यासोन नावाच्या ज्यूने लिहिलेल्या पाच खंडांचा सारांश आहे. नाव पुन्हा यासोन, पण हा मक्कबींचे गुण गाणारा. आणि याच ग्रंथात 'युदाइस्मोस' हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो. ज्या शब्दावरून इंग्रजीतला 'जुडाइझम' आला तो हा शब्द. आपल्या धर्माचे हे नाव, यावानाविरुद्ध लिहिताना, यावानाच्या भाषेत घडवले गेले.

काही इतिहासकार आणखी पुढे जातात. पूर्वी 'यहूदी' म्हणजे यहूदा प्रांताचा माणूस. ग्रीक लोक मानत की माणूस ग्रीक होतो तो जन्माने आणि शिक्षणानेही. मक्कबी घराण्याच्या काळापासून ज्यू असणे हेही जन्माबरोबर जगण्याच्या रीतीवर ठरू लागले, आणि बाहेरच्या माणसाला ती रीत स्वीकारून आत येता येऊ लागले. हे मत खरे धरले तर 'ज्यू कोण' हा प्रश्न आज ज्या रूपात विचारला जातो, त्या रूपालाही यावानाचा हात लागलेला आहे.

दगडावरची अक्षरे

बेत हामिकदाशाच्या अंगणात एक कठडा होता. त्याच्या आत परक्याने पाऊल टाकायचे नाही, टाकले तर मरणाला तो स्वतः जबाबदार, अशी ताकीद दगडावर कोरून लावली होती. त्यातला एक पुरा दगड १८७१ मध्ये सापडला, तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ती ताकीद ग्रीकमध्ये आहे. आपण आणि परके यांच्यामधली सर्वांत कडक रेघ परक्याच्या भाषेत ओढलेली होती, कारण त्याला वाचता आली पाहिजे.

दुसरा दगड आम्हाला जास्त जवळचा वाटतो. १९१३ मध्ये यरुशलेमच्या जुन्या दावीदनगरात तो सापडला. थेओदोतोस नावाच्या कोहेनाने सिनेगॉग बांधले, त्याची ती ग्रीक पाटी आहे. हा थेओदोतोस सिनेगॉगचा मुख्य, त्याचा बाप मुख्य, आजाही मुख्य. थेओदोतोस म्हणजे 'देवाने दिलेला', यहोनातान या नावासारखेच. बापाचे नाव वेत्तेनोस, म्हणजे रोमन वळणाचे. 'सिनेगॉग' हा शब्दही ग्रीकच, त्याचा अर्थ एकत्र जमणे. आता या पाटीत बांधण्याचे कारण काय दिले आहे? तोरा वाचण्यासाठी आणि मित्सवोथ शिकवण्यासाठी. शिवाय परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी खोल्या आणि पाण्याची सोय.

आता मुंबईला या. १७९६ साली मांडवी भागात समाजी हसाजी दिवेकर यांनी आपले पहिले सिनेगॉग बांधले. हिब्रू नाव शाअर हाराहमीम, दयेचे दार. बांधणाऱ्याचे कागदोपत्री नाव सॅम्युएल इझिकेल, लोकांच्या तोंडी समाजी हसाजी, आडनाव दिवे गावचे. आणि त्या वास्तूला आपले लोक काय म्हणत? जुनी मशीद. तोरा ठेवलेल्या घराला मशीद म्हणताना कोणाला खटकले नाही, जसे थेओदोतोसला ग्रीक शब्द खटकला नाही. आत काय वाचायचे याविषयी दोघांच्याही मनात शंका नव्हती.

काका आणि पुतण्या

मिसरमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती. तिथल्या पुढच्या पिढ्यांना हिब्रू समजेना. म्हणून इ.स.पू. तिसऱ्या शतकात तोराचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. टॉलेमी राजाने बहात्तर वडीलधारे बोलावले अशी त्याची कथा आहे, त्यावरून त्याला 'सत्तरांचे भाषांतर' म्हणतात. पुढे बेन सीराच्या नातवाने आजोबांचे हिब्रू पुस्तक ग्रीकमध्ये आणले. हिब्रूत जे म्हटले आहे त्याचे बळ दुसऱ्या भाषेत तसेच राहत नाही, असे त्याने सुरुवातीलाच कबूल केले, आणि तरी काम पुरे केले. आपल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण असणार.

अलेक्झांड्रियातल्या एका घराची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. फिलो हा तिथला मोठा विद्वान, जन्म इ.स.पू. २० च्या सुमाराचा. सगळे लिखाण ग्रीकमध्ये. प्लेटो त्याला तोंडपाठ, आणि त्या विद्येने त्याने काय केले, तर तोराचा अर्थ उलगडून सांगितला. यरुशलेमची यात्रा केली. कालिगुला बादशहाच्या काळात अलेक्झांड्रियात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा म्हातारपणी समाजाची तक्रार घेऊन तो रोमला गेला. त्याचाच पुतण्या तिबेरियुस युलियुस अलेक्झांडर. भाषा तीच, शिक्षण तेच, घर तेच. त्याने पूर्वजांच्या रीती सोडल्या, रोमच्या नोकरीत चढत गेला, मिसरचा सुभेदार झाला आणि इ.स. ७० मध्ये तितुसने यरुशलेमला वेढा घातला तेव्हा रोमन छावणीत वरच्या हुद्द्यावर होता.

हा पुतण्या आहे म्हणून आम्ही "घ्या सगळ्यांचे, काही बिघडत नाही" असे म्हणत नाही. बिघडू शकते. पण जे बिघडले ते ग्रीक शिकल्यामुळे, असेही म्हणता येत नाही, कारण मग काकाचे काय?

डोक्यावरचा कर

रोमचा पाय यरुशलेममध्ये पडला तो इ.स.पू. ६३ मध्ये, पोंपेबरोबर. त्यानंतर हेरोद राजाने बेत हामिकदाश नव्याने उभारले आणि कैसरियाला नाटकगृहही बांधले. ग्रीकांनी आपल्याला शब्द आणि नावे दिली, तशी रोमने यादी दिली. बेत हामिकदाश पडल्यावर, पूर्वी तिथे जाणारा अर्धा शेकेल रोमच्या ज्युपिटर देवाच्या नावाने वसूल होऊ लागला: दर ज्यूमागे वर्षाला दोन द्राख्मा, बायका-मुलांवरसुद्धा. कर घ्यायचा म्हणजे ज्यू कोण हे सरकारला ठरवावे लागले. दोमितियान बादशहाच्या वेळी ही वसुली फार कडक झाली. सुएतोनियुस हा रोमन लेखक सांगतो की तो तरुण असताना भरल्या कचेरीत एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची सुंता झाली आहे की नाही हे तपासताना त्याने पाहिले. इ.स. ९६ मध्ये नेर्वा बादशहा आला, आणि या कराच्या नावाखाली होणारी बदनामी बंद केल्याचे त्याने नाण्यावर छापले.

त्या म्हाताऱ्याविषयी वाचले की आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांची आठवण येते. १९६० नंतरच्या काही वर्षांत, लग्न-घटस्फोटाच्या नियमांवरून, येथील धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची आणि त्याही मागची चौकशी मागितली. आपली माणसे यरुशलेमच्या रस्त्यावर बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि नियम बदलले गेले. अंगावर अधिकाऱ्याची नजर फिरणे म्हणजे काय असते, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

रब्बान गामलिएल न्हाणीघरात

आता मिश्नाकडे वळू, कारण आमच्या मते खरे उत्तर तिथे आहे. अक्को शहरात अफ्रोदिती देवीच्या नावाचे न्हाणीघर होते. रब्बान गामलिएल तिथे आंघोळीला गेले. प्रोक्लोस नावाच्या एकाने त्यांना हटकले, की तुमच्या तोरात मूर्तीशी संबंध ठेवायचा नाही असे असताना तुम्ही इथे कसे? न्हाणीघरात तोराविषयी बोलत नाहीत, म्हणून रब्बान बाहेर आल्यावर बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: मी तिच्या हद्दीत गेलो नाही, ती माझ्या हद्दीत आली. न्हाणीघर अफ्रोदितीच्या शोभेसाठी बांधलेले नाही, अफ्रोदिती न्हाणीघराच्या शोभेसाठी ठेवली आहे.

पेसाहचा सेदेर याच नजरेने पाहा. मेजवानीत डाव्या कुशीवर रेलून बसणे, वाइनचे प्याले ठराविक क्रमाने, भाजी बुडवून खाणे, एखाद्या विषयावर प्रश्नोत्तरे, ही सगळी ग्रीक-रोमन श्रीमंतांच्या मेजवानीची पद्धत होती. 'अफिकोमान' हा शब्दही ग्रीक. मेजवानी संपल्यावर गाणे-बजावणे करत दुसऱ्याच्या घरी धिंगाणा घालायला जायचे, त्याच्याशी तो निगडित आहे. मिश्नाने काय केले? रेलून बसणे ठेवले, पण इस्राएलमधल्या सर्वांत गरिबानेही रेलूनच जेवावे असा नियम केला. प्रश्नोत्तरे ठेवली, पण विषय मिसरमधून सुटका. धिंगाण्याला मनाई केली. आज अफिकोमान म्हणजे काय, तर मात्झाचा एक तुकडा, जो मुले लपवतात.

त्याच सेदेरची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत मात्झा करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. इकडे कोकणात पेसाहला आपल्या आज्या 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, आंबट पदार्थाचे मडके झाकून ठेवण्यावरून. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा रोजा. साडीमुळे मात्झा बिघडला नाही आणि रेलण्यामुळे सेदेर ग्रीक झाला नाही.

मलिद्यालाही हीच कसोटी लावू. पोहे, खोबरे, साखर, फळे, सगळे ताट कोकणचे. त्यावर म्हटलेली बेराखोथ हिब्रू, आठवण एलियाहू हन्नावीची. कोण कोणाच्या हद्दीत आले?

बापाचे एक नाव, लेकाचे दुसरे

बार कोखबा हा रोमशी लढणारा, १३२ ते १३५ सालचा. यहूदाच्या वाळवंटातल्या एका गुहेत त्याच्या लोकांची पत्रे १९६० च्या सुमारास सापडली. त्यात एक पत्र सुक्कोथसाठी लुलाव आणि एथ्रोग मागवण्याचे आहे. बंड चालू आहे, सण तोंडावर आला आहे, आणि पत्र ग्रीकमध्ये. लिहिणाऱ्याने ग्रीकमध्ये का लिहितो आहोत याचा खुलासाही केला आहे. पुढे बेत शेआरीमच्या कबरस्तानात, जिथे मिश्ना एकत्र करणारे रब्बी यहूदा हानासी यांना पुरले, तिथले बहुसंख्य लेख ग्रीक आहेत.

इस्राएलमध्ये राहणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन बेत अल्फाला जावे. बेत शेआनपासून ते जवळ आहे. १९२८ च्या अखेरीस किबुत्सचे लोक पाण्याचा पाट खणत असताना सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची फरशी लागली. मधोमध बारा राशी आणि चार घोड्यांच्या रथातला सूर्य, अगदी ग्रीकांचा हेलिओस. एका बाजूला तोराची पेटी आणि मेनोरा, दुसऱ्या बाजूला यित्सहाकचे बलिदान. राशींची नावे हिब्रूत. कारागिरांची नावे ग्रीकमध्ये लिहिली आहेत: मारियानोस आणि त्याचा मुलगा हानिना. बापाचे नाव परके, मुलाचे हिब्रू. सगळे एकाच दिशेने वाहत जाते असे मानणाऱ्याने ही दोन नावे वाचावीत.

तसेच दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीतही घडत होते. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत, त्यात धेनुकाकट गावचे कित्येक 'यवन' आहेत. व्यापारासाठी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांचे हे वंशज असावेत. त्यांची नावे मात्र इथलीच, कोणाचे सिंहध्वज, कोणाचे धर्म. बौद्ध भिक्षूंसाठी त्यांनी खांब दिले. त्या घाटाखालीच चौल बंदर, ज्याचा उल्लेख ग्रीक खलाशांच्या पुस्तकात आहे, आणि चौलपासून नवगाव फार लांब नाही. त्या यवनांच्या वंशजांचा आज मागमूस नाही. नावे बदलली आणि ते लोकांत मिसळून गेले. आपल्या पूर्वजांचीही नावे बदलली: समाजी, हसाजी, एलोजी, आबाजी. घाणा चालवता चालवता ते तेली झाले. पण शनिवारी घाणा बंद राहिला, आणि म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. हिब्रू विसरली तरी शेमा राहिला. आठव्या दिवशी सुंता राहिली. पंख-खवले नसलेली मासळी घरात आली नाही.

मुलांनी विचारले तर आम्ही हेच सांगतो. कोणाचे किती असा हिशेब मांडू नका, कारण तो मांडला तर सिनेगॉग, सान्हेद्रिन आणि अफिकोमान हे शब्दही परत करावे लागतील. शनिवारी घाणा बंद होता का, एवढे पाहा.

आज मात्र उलटे होऊ लागले आहे. अश्दोद, दिमोना, लोद, लंडन, टोरंटो येथल्या आपल्या घरांत शेमा सर्वांना येतो, आणि दारफाळणी म्हणजे काय हे मुलांना सांगावे लागते. दोन हजार वर्षे तोरा ज्या भाषेच्या कुशीत सुखरूप राहिली, ती भाषा आता जात आहे. अलेक्झांड्रियाच्या ज्यूंची ग्रीक प्रार्थना आज कोणी म्हणत नाही. त्यांचे सणांना दिलेले घरगुती शब्द काय होते, ते कोणी लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते!

तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंजवळ बसा. सणांची, पदार्थांची, उपवासांची त्यांच्या तोंडची नावे वहीत उतरवून घ्या, त्यांच्याच उच्चारात, सुधारणा न करता. पुढच्या पेसाहला हग्गादा उघडण्याआधी मुलांना एकदा सांगा, की आज अनाशी ढाकाचा सण आहे.

शालोम.